जपानचं ताट, माझा डबा

"किसका मांस है ये?"

घरमालक अंकलनी माझा डबा हात लांब करून धरला होता. माझ्या खोलीतला फ्रिज त्यांनी उघडला होता. मला न विचारता. जिन्यात शेजारची माणसं उभी. एकाचा मोबाइल माझ्यावर रोखलेला.

"बकरे का," मी म्हणाले.

"पूरा नाम बताओ."

आडनाव सांगितलं. ते ऐकताच मी कोणातली, ते जिन्यानं ठरवलं. खाली कुणीतरी फोनवर म्हणालं, "जल्दी आ जाओ."

डब्यात चान्या होत्या. आईनं मीठ लावून उन्हात वाळवलेलं मटण. लातूरहून चंडीगडपर्यंत टिकतं म्हणून दिलेलं.

त्याच सकाळी विद्यापीठात मी माझा संशोधनाचा विषय मांडला होता. देवमाशाची शिकार. जगानं नावं ठेवली तरी जपान म्हणतो, ही आमची खाद्यसंस्कृती. तिच्यापायी त्यानं आंतरराष्ट्रीय आयोगही सोडला. माझे गाईड मराठीच. मोठं नाव, मोठं घराणं. ते उठून म्हणाले, "दुसऱ्याच्या ताटात डोकावायचा हक्क कुणालाच नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

म्हणून त्यांनाच फोन केला. ते शेजारच्या पंचकुल्याहून गाडीनं आले. तोवर गेटपाशी मोटरसायकली वाढल्या होत्या. सरांना पाहून मला रडू फुटलं. आपला माणूस.

सर अंकलना म्हणाले, "बच्ची है जी. गलती हो गई. फेंक देगी."

मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "टाकून दे. तुम्हा लोकांना कुठं काय न्यावं, कळत नाही."

तुम्हा लोकांना.

माझं रडू तिथंच थांबलं. भीती नाही थांबली. तरी अंकलच्या हातातून डबा घेतला. "गलती नहीं हुई."

"साबित करो बकरे का है," मोबाइलवाला म्हणाला.

मी काहीच साबित केलं नाही. एक तुकडा तोंडात टाकला. कडक. खारट. सगळ्यांच्या देखत चावत राहिले.

कुणी हात उचलला नाही. ते आपल्यामुळंच, असं सर अजून सांगतात. खोली मात्र सुटली. व्हिडिओ फिरतोय. अनोळखी नंबरांवरून फोन येतात. पलीकडं नुसता श्वास.

सर म्हणतात, "प्रबंधात हे घुसडू नकोस. जपानपुरतं लिही."

लिहिणार. देवमाशाच्या शेजारी आईच्या चान्या लिहिणार, आमच्या आडनावासकट. सरांनी सही नाकारली तर दुसरे गाईड शोधीन. नाहीच मिळाले, तर डिग्रीवाचून राहीन. पण चान्यांचं प्रकरण प्रबंधातून काढणार नाही.