पंपवाल्यानं काढलेली शाळा

जग बुडालं त्याला आता अकरा वर्षं झाली. बुडालं म्हणजे सरकार गेलं, वीज गेली, बँका गेल्या. शेजारी तेवढे राहिले. आमच्या चार मजली इमारतीत बेचाळीस माणसं उरली आणि त्यांना पाणी पाजणारा एक पंपवाला. सायकलच्या पायडलवर चालणारा पंप त्यानंच जुळवलेला. मागच्या विहिरीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवता चढवता तो आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

त्याची एकुलती एक लेक एकोणीस वर्षांची. तो तिला फौजदार म्हणायचा, कारण त्यानं कधी जेवायचं आणि किती बडबडायचं हे तीच ठरवायची.

यंदा त्याच्या छातीत पाणी झालं. "जन्मभर जगाचं पाणी उपसलं, आणि माझं उपसायला कोणाकडे पाइप नाही!" म्हणाला. फार दिवस उरले नाहीत हे त्याला कळलं होतं. घोर एकच, आपल्यामागे पोरीचं कसं व्हायचं? तिचा हात चांगला होता, पण पंप अडला की ती घाबरून "बाबा!" अशी हाक मारायची.

म्हणून त्यानं शाळा काढली. एक दिवसाआड तो पंपात गुपचूप काहीतरी बिघडवून ठेवायचा. कधी वायसर काढ, कधी चेन उतरव. एकदा तर पाइपात स्वतःचा मोजा कोंबला. आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात ताटकळायचो.

"ओरडू नका रे, परीक्षा चाललीय," तो वरून म्हणायचा. "मी मरतोय, मी करतोय का तक्रार?"

लेक मोजा नाचवत वर आली. "बाबा, लाज नाही वाटत? पिण्याचं पाणी आहे ते!"

"धुतलेला होता."

"कधी? जग बुडायच्या आधी?"

पुढे त्यानं अंथरूण धरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शाळामास्तरीणबाई त्याच्या उशाशी बसू लागल्या. चौथ्या दिवशी लेक पांढरीफटक होऊन धावत आली. "बाबा, पंप जाम झालाय. पायडल हलतसुद्धा नाही!"

चार दिवसांत त्याचा पाय जमिनीला लागला नव्हता. बाई काही बोलणार, तोच त्यानं त्यांना करकचून चिमटा काढला. "मीच केलंय," तो म्हणाला. "तू कपडे धुवायला गेलीस ना, तेव्हा."

"या अवस्थेत खाली गेलास? बाई, तुम्ही काय करत होता?"

जन्मात खोटं न बोललेल्या बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "डोळा लागला गं माझा."

लेकीची भीती पळाली, संताप चढला. "काय मोडलंस ते तरी सांग!"

"पेपर आधी फोडत नसतात."

ती पाय आपटत खाली गेली. दोन तास पंप खोलत, बापाच्याच शिव्या बापाला घालत होती. बेअरिंगचा चुरा झाला होता. तिनं पहिल्या मजल्यावरच्या बंद पंख्यातलं बेअरिंग काढून, ठोकून बसवलं. त्याच्या खाटेजवळून जाणारा पाइप गुरगुरला. त्यावर हात ठेवून तो बाईंना म्हणाला, "चढतंय. एकदाही हाक मारली नाही बघा." आणि थोड्याच वेळात गेला.

लेक जिन्यातूनच सुरू झाली, "अख्खं बेअरिंग फोडलंस? मोजा परवडला!" बाईंनी तिला मनसोक्त भांडू दिलं. मग तिला जवळ घेऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या: बाप गेला, आणि बेअरिंग त्यानं फोडलंच नव्हतं.

ती खूप रडली. मग ग्रीसच्या हातानं नाक पुसत बापाकडे बघून म्हणाली, "खोटारडा!"

त्याला आंघोळ घालायला पाणी लागणार होतं. आम्ही चौघं पुढे झालो, तर तिनं आम्हाला हटकलं. "पायडलला हात लावायचा नाही कोणी," म्हणाली, आणि खाली गेली.