एकाच खुणेच्या दोघी

कोल्हारच्या आमच्या गोठ्यात एक रीत होती. दुबळ्या करडाला बाकीची ढुशा देऊ लागली की त्याला उचलून शांत शेळ्यांत सोडायचं. तीच रीत मी नगरच्या प्रयोगशाळेत चालवली आणि तीन महिने मातीत घातले.

मावशी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. लाजेपायी वर्षभर अंगावर काढलं तिनं. तो कॅन्सर एका विषाणूमुळे होतो हे कॉलेजात कळलं तेव्हा मी रडले नाही, चिडले. आज मिळणारी लस विषाणू शिरण्याआधी टोचावी लागते. मला शिरल्यावरही कामी येणारी हवी होती. म्हणून हे काम धरलं. पहिली पायरी म्हणून विषाणूच्या डीएनएचा तुकडा, हीच लस, उंदरिणींच्या मांडीत टोचायचा, मग तीच जनुकं असलेल्या कॅन्सरच्या पेशी कातडीखाली सोडायच्या आणि गाठ येते का ते बघायचं. शेजारच्या पिंजऱ्यात लस न दिलेल्या.

लसवाल्यांत एकीला बाकीच्या चावत होत्या. मी तिला शेजारच्या पिंजऱ्यात सोडलं. ओळखीसाठी कानाला खाच असते, पण दोन्ही पिंजऱ्यांत खाचा त्याच! आठवड्यानं बघते तर एकाच खुणेच्या दोघी. शेरडं तोंडावरून ओळखणारी मी, पांढऱ्या उंदरिणींपुढे हरले.

पुढे त्यांतल्या एकीला गाठ आली, दुसरीला नाही. बिनगाठीची ती लसवाली, असं लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण जे सिद्ध करायचं तेच धरून चालायचं, हा कसला प्रयोग! सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हा गोठा नाही. पहिल्यापासून करा."

रविवारी घरी आईला सांगितलं.

"म्हंजी लस लांबली व्हय?"

"लांबली. आन् ही उंदरांचीच हाय अजून. माणसांपर्यंत जायला लई वर्षं लागतील."

भाकरी थापत ती म्हणाली, "लागू दे. घाई करून माझी बहीन परत येनार न्हाई. पर खोटी लस कुनाला टोचू नगं."

दुसऱ्या वेळी प्रत्येकीची खूण वेगळी केली. पुन्हा लसवाल्यांतल्या एकीला चावे बसले. तिला एकटीला ठेवून पिंजऱ्यावर कार्ड लावलं. लस न दिलेल्या सगळ्यांना गाठी आल्या. लसवाल्यांच्या अंगावरून बोट फिरवताना काहीच लागेना, तेव्हा मला मावशीला हाक मारावीशी वाटली. मग त्या एकटीला हातात घेतलं. तिला मटाराच्या दाण्याएवढी गाठ होती.

मी ती दोनदा मोजली आणि वहीत लिहिली.