लाल दोऱ्याची गाठ

“फोई, पप्पा ऑफ थई गया.” शेजारच्यांच्या फोनवर भाचा एवढंच बोलला आणि रडू लागला. सुरतेत वाढलेली आमची पोरं आत्याला फोई म्हणतात, बाप गेल्याचंही गुजरातीतच सांगतात. मी रिसीव्हर ठेवला. डोळ्यांत पाणी नव्हतं. मनात आलं ते इतकंच... आता भांडू कुणाशी?

सुकलाल माझा चुलतभाऊ. सगळे त्याला सुकाभाऊ म्हणायचे. आम्ही दोघं धुळ्याकडच्या एकाच अंगणात वाढलो. मी डावखुरी. डाव्या हाताने काही करू लागले की आई तो हात झटकून टाकायची, आणि सुकाभाऊ तिला अडवायचा, “करू दे ना व काकू, काम व्हस ना?” पुढे लग्न होऊन मी सुरतेत, उधन्याला आले. तोही आला, लूमवर राबला, रेडिओ दुरुस्ती शिकला आणि काही वर्षांनी त्याने उधन्यातच एका खोलीत रेडिओ किटचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, तर दोन टेबलं, एक पंखा आणि आम्ही चार बायका! पुठ्ठ्याच्या खोक्यात रेडिओचे सुटे भाग आणि जोडणीचा नकाशा जायचा, हौशी लोक घरी कथलाचा डाग देऊन रेडिओ जोडायचे. कॉइल आम्ही हाताने गुंडाळायचो. नळीवर केसासारखी तार, वेढ्याला वेढा लागून, आणि शेवटी सुटू नये म्हणून दोऱ्याची गाठ. दोरा माझ्या जुन्या पोलक्याचा होता, लाल. बाकीच्या तिघींना गाठ मीच शिकवली, पण त्यांच्या गाठीचं शेपूट उजवीकडे निघायचं, माझ्या डाव्या हाताचं डावीकडे, म्हणून सुकाभाऊने ठरवलं की शेवटची गाठ मीच मारायची. खोक्यावर छापून घेतलं : ‘हाताची कॉइल, लाल गाठ पाहून घ्या.’ मला म्हणाला, “बहीण, तुना हातनी गाठ म्हंजे आपला शिक्का शे.” ज्या हातावर मी लहानपणी मार खाल्ला, तो हात खोक्यावर छापला गेला होता. मी त्या दिवशी घरी शिरा केला.

धंदा वाढला. व्यापारी येऊ लागले. सुकाभाऊ त्यांना थेट आमच्या खिडकीपाशी आणायचा, मी गाठ मारताना दाखवायचा, चहा पाजायचा. मी मान खाली घालून हसायची, आणि चांगली साडी नेसून कामाला जायची. मग एकदा नवापूरचे एक मास्तर रेडिओ घेऊन आले. अंधार पडला की स्टेशनं एकमेकांत मिसळतात, म्हणाले. सुकाभाऊ बाहेर गेला होता, म्हणून मीच पाठ उघडली. लाल गाठ होती, शेपूट उजवीकडे. मला वाटलं, एखादीने माझ्यामागे मारली असेल. मग मी निघायच्या तयारीत असलेली खोकी उघडली. एक, मग दुसरं, मग सगळीच. वेढे यंत्राचे, सैल, आणि प्रत्येकावर तोच माझा लाल दोरा...

संध्याकाळी तो आला तेव्हा खोकी तशीच उघडी होती. त्याने एकदा पाहिलं आणि खाली बसला. कामरेजला शेडमध्ये यंत्र लावलंय, म्हणाला, बरेच दिवस झाले. “हातनं पुरं पडत नही व्हतं बहीण. धंदामा असंच चालस.” मी विचारलं, मग आम्हाला कशाला ठेवलंस? तो एकेक खोकं बंद करू लागला. उत्तर खिडकीपाशीच होतं, जिथे व्यापारी उभे राहायचे. आम्ही कामाला नव्हतो, दाखवायला होतो. “निदान गाठ तरी मारायची नव्हतीस,” मी म्हणाले. त्यावर तो चिडला. “आते कोण पाहस व गाठ?”

दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. पुढे तयार रेडिओ स्वस्त झाले, किट कोण घेणार? कारखाना मिटला. त्याने पर्वत पाटियाला साड्यांच्या लेसचं दुकान टाकलं. लग्नाकार्यात भेटलो की मी “बरा आहेस ना?” एवढंच विचारायची. राखी मात्र पोस्टाने पाठवायची. लोक म्हणाले, एवढ्याशा गाठीवरून सख्ख्यासारखा भाऊ तोडला. तोडलाच. मला अजूनही पटतं ते.

तेराव्याला गेले होते. घर माणसांनी भरलेलं, म्हणून वहिनीजवळ स्वयंपाकघरात बसले. फळीवर एक रेडिओ होता, मागचं झाकण नसलेला, बाजूला हळदीचा डबा. “त्यास्नी दुसरा रेडिओ घरमा आनू दिन्हा नही,” वहिनी म्हणाली. “पोरगा नवा लयना व्हता, तो परत कराले लाया. म्हने, हाऊच बरा.”

मी उठून रेडिओ उजेडाकडे फिरवला. वेढ्याला वेढा लागलेला. लाल दोरा तेलकट होऊन काळपट पडलेला. शेपूट डावीकडे.

हाताच्या आणि यंत्राच्या कॉइलमधला भेद कळत नसलेल्या माणसाला मी केव्हाच माफ केलं असतं. वहिनी म्हणाली, लई जा, तुमनीच वस्तू शे. मी नको म्हटलं, आणि तिथेच फळीला धरून रडले, तो गेल्याच्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं.

गाठ कोण पाहतं म्हणालास ना, सुकाभाऊ... तू पाहत होतास.