फ्रान्समधला गोठा

फ्रान्स मी आजवर पाहिलेला नाही. तरी तिथल्या खेड्यांतली घरं मी अबुधाबीत उभी राहून विकत होते. विकत होते म्हणजे फोटो दाखवत होते. तीन महिन्यांत एकही विकलं गेलं नव्हतं. त्या शनिवारी हॉटेलातल्या प्रदर्शनात आमचे लेबनॉनी साहेब सकाळीच म्हणाले, "आज एक तरी सही. नाही तर खलास." खलास म्हणजे माझी नोकरी.

दुपारी मूळचं पुण्याचं, इथेच नोकरी करणारं एक डॉक्टर जोडपं मुलीला घेऊन आलं. निवृत्तीनंतर फ्रान्सच्या खेड्यात राहायचं, असं त्यांचं ठरलेलं. मराठी कानावर पडताच मला हुरूप आला. आधी दाखवलं लांबलचक, बसकं दगडी शेतघर. एका खोलीतून दुसरीत जायचं. मग गावातलं, दोन्हीकडे शेजाऱ्यांची भिंत आणि अंगणाच्या नावानं शून्य. मग नव्या वसाहतीतला गुळगुळीत बैठा बंगला. डॉक्टरांना तो आवडला. "हे तर इथल्यासारखंच आहे," म्हणत बाईंनी पर्स उचलली.

मी घाईघाईनं चौथा फोटो पुढे सरकवला. "आणि हा... गोठा."

ऑफिसात घोकलेला इंग्रजी शब्द ऐन वेळी पळाला होता.

"गोठा?" डॉक्टर हसत सुटले. "अहो, लोकांना काय सांगू? आयुष्यभर गल्फमध्ये ड्यूटी करून गोठा घेतला?"

"बाबा, इट्स अ बार्न! सो कूल," मुलगी म्हणाली.

मी शरमले आणि त्या शरमेचाच मला राग आला. आमच्या घरामागे गोठा होता, त्यात लाजायचं काय? म्हटलं, "हो, गोठाच. खाली गुरं, वर गवत. भिंती हातभर जाड. राहतं घर करायची परमिशन मिळालेली आहे. आणि आत एकही खोली नाही. बाकीच्या घरांत तुम्ही कुठे झोपायचं ते आधीच कुणी तरी ठरवलंय. इथे तुम्ही ठरवायचं."

बाई पुन्हा बसल्या. "भिंतीत खिळा ठोकता येईल?"

मला एकदम कळलं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं काढलेलं माणूसच हे विचारतं. आमच्या लग्नाचा फोटोही सोफ्यावर टेकूनच उभा आहे.

"शंभर ठोका, मॅडम. कुणाला विचारायचं नाही."

"अगं, पण बंगला एकदा..." डॉक्टर म्हणू लागले. बाईंनी पेन मागितलं. संध्याकाळच्या आत दोघांच्या सह्या झाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन एकटीच नाचले, खोटं कशाला बोलू!

साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. ते घर आजवर कुणी घेतलं नव्हतं. "यांना काय म्हणालीस तू?" मी खरं ते सांगितलं, "गोठा." त्यांनी लगेच सगळ्या सेल्समनना बोलावलं. इजिप्शियन, फिलिपिनो आणि टाय लावलेले साहेब, तिघेही माझ्यासमोर रांगेत उभे राहून तो शब्द म्हणू लागले. 'ठ' एकालाही जमेना. मी कुणालाच सोडलं नाही, साहेबांना तर चार वेळा म्हणायला लावलं.