वहिनीचे बिनतोंडाचे पाहुणे

माझी वहिनी रेशमाचे पतंग पाळते. रान आमच्या परसाला लागूनच आहे, आणि हा पतंग त्या रानातला अगदी साधा, विटकरी रंगाचा, कुणी वळून बघणार नाही असा. पण वहिनीपुढे त्याला साधा म्हणायची सोय नाही. पतंगाला तोंडच नसतं, तो जन्मभर काही खात नाही, हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, असे पाहुणे मिळाले तर आणखी काय हवं! ती आठवडाभर हसत होती.

खायचं ते सगळं अळीपणी. हिरवीगार अळी झाडावर बसून पानांचा फडशा पाडते, बोटाएवढी जाड होते, आणि वहिनी खाली गोफण घेऊन पाखरं हाकत उभी. मग अळी स्वतःभोवती कोष विणून आत झोपी जाते. बहुतेक कोष आम्ही वाफेवर धरून आतला जीव मारतो, कारण पतंग कोष फोडून बाहेर आला की धाग्याची वाट लागते. वाईट वाटतं, पण पोट त्यावरच आहे. चांगल्यातले चांगले कोष मात्र वहिनी आधीच बाजूला काढते आणि त्यांच्या माळा करून अंधाऱ्या खोलीत टांगते. ते बियाण्याचे. त्यांतून पतंग निघणार, मादी अंडी घालणार, तेव्हा कुठे पुढचं पीक. त्या माळा गेल्या की वर्ष बुडालं.

वहिनीला एक धाकटी बहीण आहे. आई गेली तेव्हा ती रांगत होती. वहिनीनंच तिला कडेवर वागवलं, हाच धंदा शिकवला, मागच्याच गल्लीत लग्न लावून दिलं. मला ती कधी पटली नाही. गोड बोलून काम साधणारी. मी तसं म्हटलं की वहिनी म्हणायची, ‘‘वन्सं, पोर आहे हो ती.’’ दोन लेकरांची आई झालेली पोर!

यंदा मी न्हाणीत घसरले आणि पाय मोडून घेतला. वहिनी हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून राहिली. अंधाऱ्या खोलीची दुसरी किल्ली तिनं धाकटीकडे दिली होती. आम्ही घरी आलो तर माळा जागच्या जागी, खोली झाडलेली, चुलीशेजारी पाणीसुद्धा भरलेलं. वहिनीला कौतुकानं काय करू नि काय नको झालं. एरवी ती कोष कानाशी धरून हलवते. जिवंत असला तर आत जड ठोका पडतो, मेलेला वाळून खुळखुळतो. मी म्हटलं, एकदा बघून घे. तर मलाच म्हणाली, घरच्या माणसानं सांभाळलेलं काय तपासायचं?

हवा दमट झाली. हे दिवस पतंग निघायचे. मादी बाहेर येऊन एका जागी बसून राहते, आणि तिच्या वासावर रानातले नर कुठून कुठून येतात. त्यांच्यासाठी आम्ही खिडकी उघडी ठेवली. माळा तशाच. वहिनी रोज नवं कारण काढायची, गारवा आहे, उशीर होतोय.

एका संध्याकाळी रानातून नर आले. आमच्या कौलांवरून मागच्या गल्लीकडे गेले. एकही खिडकीकडे वळला नाही. वहिनी बघत राहिली. मग आत गेली, आणि मला खाटेवरून ऐकू आलं. खुळखुळ. दुसरी माळ, तेच. तिसरी, तेच.

ती मागच्या गल्लीकडे निघाली. मी काठी टेकत मागून.

धाकटीच्या मागच्या पडवीत टपोऱ्या माद्या माळांवर बसल्या होत्या आणि नर त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते. आम्हाला बघून धाकटीनं आपणच सगळं कबूल केलं. तिनं या खेपेला घाईघाईत सगळेच कोष वाफेवर धरले होते, बियाण्याचे काढायचे विसरून. मग आमचे जिवंत नेले आणि आपले मेलेले टांगून ठेवले. सांगायची लाज वाटली म्हणे. आणि माझा मोडलेला पाय बरा सापडला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वहिनीनं माझा हात दाबला.

‘‘मागितले असतेस,’’ ती म्हणाली, ‘‘तर निम्म्या माळा मीच आणून टांगल्या असत्या गं.’’

धाकटी रडत म्हणाली, निम्मी अंडी घेऊन जा, ताई. सगळीच ने.

‘‘राहू देत तुला. किल्ली तेवढी दे.’’

यंदा आमच्या झाडांवर अळी नाही. पानं भरगच्च आहेत, पाखरं येतात, कुणी हाकत नाही. वहिनी शेजाऱ्यांचे कोष उकळून धागा काढून देते आणि धाकटीचं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

परवा मी झाडायला म्हणून अंधाऱ्या खोलीची किल्ली मागितली. इतकी वर्षं ती खुंटीला असायची, ज्याला हवी त्यानं घ्यावी. वहिनीनं कमरेची किल्ली चाचपली, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘‘राहू द्या वन्सं. मीच झाडते.’’