कुवेतला न्यायचा शर्ट

हनीफमियांच्या हातचा शर्ट घातला की कोणताही गडी नवरदेव दिसतो, असं जळगावात आमच्या गल्लीत म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. गिऱ्हाईक म्हणालं, जरा सैल ठेवा, तर ते मान डोलावतात आणि शिवतात मात्र खांद्यावर बरोब्बर बसणारा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्यांचा मुलगा सैफ मात्र सुईला हात लावत नाही, एसी दुरुस्त करतो. यंदा त्याला कुवेतमध्ये नोकरी लागली.

सैफच्या आईनं, नसीमचाचींनी, पेढे वाटले. हनीफमियांनी पेढा बशीत तसाच ठेवून सांगितलं, जायचं नाही. तिकडच्याच कतारवर क्षेपणास्त्रं आली होती तेव्हाही हा माणूस दुकान बंद करून टीव्हीपुढे बसला होता. सगळे हसले होते. सैफ म्हणाला, तरुणपणी तुम्ही गेलात आणि मला अडवता? चाचींनी डोळ्याला पदर लावला. बापलेकांनी अबोला धरला.

शेवटी समोरच्या गिरणीचे अभिमन आबा समजूत घालायला आले. आबा मूळचे धुळ्याकडचे, तोंडात अजून तिकडचीच अहिराणी.

"हनीफभाऊ, त्यासनापान इतला पैसा शे, मोठमोठाला देस त्यासना मांगे उभा शेतस. मंग भ्याव कसानं?"

"आबा, पैसा आहे म्हणूनच भीती. रस्त्याकडेला केळीचा मळा असला, की घड भरले रे भरले, मालकाची झोप जाते," हनीफमिया म्हणाले. "कुवेत तसाच. दोन बड्या शेजाऱ्यांचं आपसात वाजलं तरी तुडवला जातो हाच."

मग त्यांनी पस्तीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं. सैफ दाराशी उभा होता, त्यानंही ऐकलं.

नव्वद साली ते कुवेतमध्ये अबू फहद नावाच्या शेठच्या दुकानात शिवणकाम करत होते. शेठ दिलदार, जेवायला आपल्या ताटाशी बसवायचा. एका सकाळी रस्त्यावर शेजारच्या इराकचे रणगाडे दिसले. एवढा श्रीमंत देश एका रात्रीत दुसऱ्याचा झाला होता. शेठचा भाऊ लष्करात अधिकारी, म्हणून सैनिक शेठच्या मागावर होते. हिंदुस्थानी कामगारांच्या बस इराकमधून जॉर्डनकडे सुटायला लागल्या, तेव्हा त्यानं हनीफमियांना विचारलं, मला तुमच्यातला एक करून नेशील का? मुंबईला माल घ्यायला येऊन येऊन शेठला हिंदी चांगली येत होती. फक्त कपडे हवे होते.

हनीफमियांनी जाडाभरडा कपडा घेतला, मातीत लोळवला, बाही फाडून ठिगळ लावलं. पण शेठचं माप हाताला पाठ होतं आणि हाताला वाकडं शिवता येत नव्हतं. चौकीवर सैनिक बसमध्ये चढला. सगळ्यांच्या अंगात कुणाचे तरी जुने, ढगळ शर्ट, आणि एकाच्या खांद्यावर शिवण अशी बसलेली, की जणू अंगावरच शिवलीय. सैनिकानं त्या खांद्यावर बोट टेकवलं आणि शेठला खाली उतरवलं. तो पुढे कुणाला दिसला नाही.

"माझ्याच कारागिरीनं त्याला धरून दिलं, आबा," हनीफमिया म्हणाले आणि रडले. आबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर कुणी विषय काढला नाही. सैफनं तर जाण्याचा हट्टच सोडला होता. दोन-चार दिवसांनी हनीफमियांनीच त्याला दुकानात बोलावलं आणि घडी केलेला शर्ट हातात दिला. पोराला दोन पैसे मिळवायचेत, मी किती दिवस दार अडवून बसू, असं काहीतरी पुटपुटले.

सैफनं शर्ट अंगात घातला. खांदा कोपराकडे ओघळलेला, एक बाही लांब, कॉलर तिरकी. असला शर्ट त्या दुकानातून कधी बाहेर पडला नव्हता. त्याला हसू आलं. मग त्यानं त्या उतरलेल्या शिवणीवर हात ठेवला आणि हसू तिथंच थांबलं.

"अब्बा, हा उसवून पुन्हा शिवला का तुम्ही?"

"तीन वेळा," हनीफमिया म्हणाले. "हात ऐकत नव्हता."

सैफ निघाला त्या दिवशी सगळी गल्ली निरोपाला आली होती. हनीफ टेलरच्या पोराच्या अंगात असलं ध्यान बघून एकदोघं हसले. सैफनं गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि तोच शर्ट घालून गेला.