आईच्या मालिशीची तयारी

खर्डीजवळच्या आमच्या गावात बाळंतीण घरी आली की आईला बोलावणं यायचं. भाकऱ्या थापून ती निघायची. आधी बाळंतिणीचं अंग रगडायची, मग पाय लांब करून पाटावर बसायची आणि बाळाला पायांवर घेऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली आहेत. बाराव्या दिवशी तिला सुपात तांदूळ, नारळ आणि खण मिळायचा. भाताची लावणी, कापणी, झोडणी होतीच. पण तिच्या स्वतःच्या अंगाला कुणी तेल लावलेलं मी कधी बघितलं नाही. कंबर भरून आली की ती दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासायची आणि पुन्हा कामाला लागायची.

दोन हजार सात-आठच्या सुमारास शहापूरच्या पुढं हायवेला एक रिसॉर्ट उघडलं. त्यात स्पा होता. मी तेव्हा मुरबाडला शाळेत शिकवत होते. आमच्या शाळेतल्या एक बाई तिथं जाऊन आल्या आणि आठवडाभर त्यांचं तेच पुराण चाललं. मी मुळातच हट्टी. मीही फोन करून आईची आणि माझी वेळ घेतली. तिनं एकदा तरी दुसऱ्याच्या हाताखाली निवांत पडावं, एवढंच मला हवं होतं. खोटं कशाला बोलू, थोडी माझी ऐटही होती.

आई म्हणाली, "मी काय बालंतीन हाय?"

तिला राजी करण्यात दोन रविवार गेले. मग मी सूचना दिल्या: सैल कपडे घाल, बांगड्या कमी घाल, घाबरू नकोस. तिनं त्या ऐकून घेतल्या आणि आपल्या मनासारखी तयारी सुरू केली. आठ दिवस रोज वज्रीनं टाचा घासल्या, कारण दुसऱ्याच्या पोरीनं आपल्या भेगा का बघाव्यात? केस शिकेकाईनं धुतले. बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायका विचारायला लागल्या, "काय गो, पोरीनं तुला स्थल बघितलं का काय?" आई लाजली, पण घासायची थांबली नाही.

ठरल्या दिवशी मी सकाळी पोचले तर आई अंगाला तेल चोपडून, कढत पाण्यानं न्हाऊन बसलेली.

"अगं, मग तिथं जाऊन काय करणार?" मी ओरडलेच.

"कोरड्या अंगावर हात सोलतात," ती शांतपणे म्हणाली. "आधी तेल मुरलेलं बरं. त्या पोरीला तेवढंच सोपं."

शेजारी कापडी पिशवी होती. आत घरचे तांदूळ, नारळ आणि खण. माझं डोकंच फिरलं. त्या काचेच्या दारातून, गुळगुळीत फरशीवरून आई तांदळाची पिशवी घेऊन चाललीय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला लाज वाटली. हो, लाजच वाटली. मी पिशवी उचलून आत ठेवली. "तिथं असलं काही चालत नाही. मी पैसे भरलेत."

"पैशे तू भरलेस. अंगाला हात लावनारनीला मी रिकामी पाठवू? आजवर मला कुनी पाठवली नाय." तिनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. "मंग मी येत नाय."

रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. शेवटी मीच आत गेले आणि पिशवी घेऊन आले. रिक्षात ती तिनं मांडीवर धरली.

स्पात दोन मुली होत्या, विशीतल्या. खोलीत मधे पडदा, अलीकडे मी, पलीकडे आई. आडवं व्हायच्या आधीच आईनं मालिश करायला आलेल्या मुलीला म्हटलं, "वटी पुढं कर गो." मुलगी गोंधळली, माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. तिनं अंगातला निळा डगला दोन्ही हातांनी पुढं धरला आणि आईनं त्यात तांदूळ, नारळ, खण घातला. मुलीनं वाकून नमस्कार केला. मी पडद्याआड जाऊन मुकाट पालथी पडले.

पडल्या पडल्या ऐकते तर पलीकडे आईचंच चाललेलं. "अंगठा नको रोवू, बाय. संध्याकालपावत तुझंच बोट सुजंल. हाताचा तलवा टेकव. आता सगलं अंग पुढं झोकून दे. बघ, जोर आपोआप येतो."

माझा संताप झाला. इथंही ही कामच करणार! मी उठणार एवढ्यात पलीकडची मुलगी म्हणाली, "खरंच की, आजी! ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं." माझ्या पाठीवरचे हात थांबले. माझी मालिश करणारी मुलगीही कान देऊन ऐकत होती.

ज्या कामाला मी जन्मभर 'तेल लावायला जाते' एवढंच म्हणत आले, ते शिकायला या पगारी, ट्रेनिंग घेतलेल्या मुली टपल्या होत्या. माझी आई आहे ती, असं सगळ्या रिसॉर्टला ओरडून सांगावंसं वाटलं.

"जा," मी माझ्याजवळच्या मुलीला म्हटलं, "तू पण शिकून घे."

ती गेली. माझी अर्धी पाठ कोरडीच राहिली. पलीकडे दोघी मिळून आईची पाठ रगडत होत्या, आई सांगत होती, कुठं दाबायचं, कुठं नुसता हात फिरवायचा. दोघी मधेच काहीतरी विचारत होत्या. हळूहळू तिचा आवाज जड झाला.

"आता जमलं तुमाला," ती म्हणाली. "आता काय इचारू नका गो. मला जरा पडू द्या."